आधी कोणती इमारत? पालिकेच्या इमारतींच्या भूकंप-तपासणीच्या प्रकल्प नोंदी

७ ऑक्टोबर २०२४

कामाचा आदेश हातात आला. आजपासून नोंदी. मुंबईच्या शहर विभागातल्या एका वॉर्डात पालिकेच्या मालकीच्या जेवढ्या इमारती आहेत, त्या भूकंपाच्या दृष्टीने तपासायच्या आणि मजबुतीकरणासाठी क्रम लावून द्यायचा. शाळा, दवाखाने, एक प्रसूतिगृह, अग्निशमन केंद्र, मंडया, कर्मचाऱ्यांच्या वसाहती, चौक्या, खुद्द वॉर्ड ऑफिस. मिळून साठ-पासष्ट होतील. सगळ्यांना पुरेल एवढा पैसा यंदा येणार नाही, पाच वर्षांतही येणार नाही. म्हणून प्रश्न एकच: आधी कोणती?

पहिल्याच बैठकीत विचारलं गेलं, "मॅडम, मुंबईत कुठे होतो भूकंप?" हा प्रश्न पुढे प्रत्येक टेबलावर येणार, तेव्हा उत्तर एकदाच नीट मांडून ठेवते.

आयएस १८९३ म्हणजे भूकंपरोधक डिझाइनचं भारतीय मानक, पुढे नुसतं "कोड". त्याच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे मुंबई झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येते, झोन गुणांक ०.१६. अहमदाबादही झोन ३ मध्येच. २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला तेव्हा अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब होतं, तरी तिथल्या बहुमजली इमारती बसल्या, आणि बसलेल्यांत खाली पार्किंगसाठी तळमजला मोकळा ठेवलेल्या इमारती ठळकपणे होत्या. १९९३ साली किल्लारी नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होती. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का मुंबईतही लोकांना जाणवला होता. जवळचं बघायचं तर १९८३ मध्ये भातसा धरणाच्या परिसरात धक्के बसले, आणि नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात धक्क्यांची लांबलचक मालिका झाली. तिथल्या लोकांनी कित्येक रात्री घराबाहेर काढल्या.

जुन्या याद्यांत मुंबईच्या नावावर १६१८ चा मोठा भूकंप आणि दोन हजार मृत्यू असंही सापडतं. ते वादळ असावं, असं नंतरच्या अभ्यासकांचं मत आहे. तो आकडा आपल्या अहवालात घ्यायचा नाही. भीती वाढवून मिळवलेला निधी पहिल्याच आक्षेपाला गळून पडतो.

१० ऑक्टोबर

स्ट्रक्चरल ऑडिटच्या फायली मिळाल्या, निदान ज्या सापडल्या त्या. पालिकेच्या कायद्यातल्या कलम ३५३ ब प्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट होतं आणि तिला वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२अ म्हणजे अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ.

एका वरिष्ठांचं म्हणणं: क्रमवारी तयारच आहे की! सी-१ पासून सुरुवात करा आणि खाली या.

हे मला मान्य नाही, आणि का नाही ते या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर असायला हवं. ऑडिट करणारा अभियंता विचारतो, ही इमारत स्वतःचं आणि आतल्या माणसा-सामानाचं वजन आज पेलते का? गळती, गंज, स्लॅबचे पोपडे, बीमला गेलेले तडे तो बघतो, आणि ते बघायलाच हवेत. भूकंपाचा प्रश्न आडव्या धक्क्याचा आहे. फलाटावर सामान घेऊन उभं राहणं वेगळं आणि धावत्या लोकलमध्ये काही न धरता उभं राहणं वेगळं. पहिल्या परीक्षेत उत्तम गुण मिळवलेली इमारत दुसरीत साफ नापास होऊ शकते.

आकड्यात मांडून बघितलं. तळ अधिक तीन मजल्यांची शाळा, उंची १३ मीटर, धक्क्याच्या दिशेने लांबी १५ मीटर. विटांच्या भिंती भरलेल्या फ्रेमचा (कॉलम-बीमच्या सांगाड्याचा) आवर्तकाल, म्हणजे एक झोका पुरा व्हायला लागणारा वेळ, ०.०९ × १३ ÷ √१५, साधारण ०.३ सेकंद. या टप्प्यात कोडचा प्रवेग गुणांक २.५. शाळा म्हणून महत्त्व गुणांक १.५. साध्या, खास तपशील नसलेल्या फ्रेमचा प्रतिसाद घटक ३. हिशेब: ०.१६ ÷ २ × १.५ ÷ ३ × २.५ = ०.१०. वजनाच्या दहा टक्के बळ आडवं. तीन हजार टनांच्या इमारतीला तीनशे टन, तेही क्षणाक्षणाला दिशा बदलणारं.

आयएस १८९३ पहिल्यांदा आली १९६२ मध्ये. काँक्रीटच्या फ्रेमला लवचीकपणा देणारा तपशील सांगणारी आयएस १३९२० आली १९९३ मध्ये, किल्लारीच्याच वर्षी. आपल्या यादीतल्या बहुतेक इमारती त्याआधीच्या. त्यांच्या कॉलममध्ये नऊ-नऊ इंचांवर सहा मिलीमीटरच्या रिंगा (उभ्या सळ्यांना वेढणारी कडी) आहेत, आणि त्यांचे आकडे, म्हणजे टोकाचे हुक, काटकोनात वळवलेले. रिंगेचं टोक १३५ अंशांत वळवून आत काँक्रीटमध्ये रुतवलेलं नसेल, तर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, उडालं की रिंग उघडते आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. ऑडिटच्या एकाही फाइलमध्ये या हुकांचा उल्लेख नाही. तो तिथे अपेक्षितही नव्हता.

१८ ऑक्टोबर

पाहणीचा फॉर्म पक्का केला. पाया आयआयटी मुंबईत तयार झालेल्या झटपट पाहणी पद्धतीचा: बांधकामाचा प्रकार, मजले, आकारातली वेडीवाकडी वळणं, मोकळा तळमजला, आखूड कॉलम, शेजारच्या इमारतीशी अंतर, जमीन, देखभाल. एका इमारतीला अर्धा-पाऊण तास पुरतो. त्यावरून कुठे खोलात जायचं ते ठरेल.

त्याला मी एक रकाना जोडला: "धक्क्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत या इमारतीचं काम काय?" टीममधल्या ज्युनिअर मुलीने विचारलं, शाळेसमोर काय लिहायचं? लिही, निवारा. पूर आला की वॉर्ड ऑफिस लोकांना पालिकेच्या शाळेतच हलवतं. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिली त्यांना हे सांगावं लागत नाही. भूकंपानंतरही माणसं त्याच फाटकाशी येतील, आणि तेव्हा ती शाळा उभी असून भागणार नाही, आत जाण्याजोगी असायला हवी.

२४ ऑक्टोबर

आजची शाळा. एकाच इमारतीत सकाळी मराठी, दुपारी उर्दू. नुकताच रंग दिलेला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालेलं, स्वच्छतागृहं नवी. ऑडिटमध्ये सी-३. मुख्याध्यापिका बाईंनी स्वतः फिरून दाखवली. त्यांनी इमारत जीव लावून सांभाळली आहे, हे प्रत्येक वर्गात दिसतं.

मागच्या बाजूला वर्गांच्या खिडक्यांची रांग. खिडकीखाली विटांची भिंत, दोन्ही बाजूंनी कॉलमला घट्ट चिकटून. वर लिंटेलचा बीम, तोही कॉलममध्ये गुंतलेला. वाकायला कॉलमला मजल्याची तीन मीटर उंची मिळायला हवी, ती मिळते खिडकीपुरती. टेप लावली: एक मीटर आणि काही सेंटीमीटर. कॉलमचा ताठपणा मोकळ्या उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. तीन मीटरचा एक मीटर झाला की सत्तावीस पट. धक्क्याचं बळ ताठ असेल त्याच्याकडे आधी धावतं. समोरच्या व्हरांड्यातले मोकळे कॉलम जवळजवळ रिकामे राहतात आणि मागची ही रांग सगळा भार अंगावर घेते. वाकायला जागा नसल्यामुळे ती कातरली जाते, एक्सच्या आकाराचा तडा देऊन, काहीही पूर्वसूचना न देता. जगभर भूकंपांत शाळा याच कारणाने पडल्या आहेत, कारण शाळा म्हटली की उजेडासाठी खिडक्यांची लांब रांग आलीच.

एका कॉलमचा गिलावा हातभर खरवडला. बाई जरा काळजीत पडल्या, नवा रंग होता. रिंगा मोजल्या: साधारण २३० मिलीमीटरवर. अशा आखूड कॉलमला पूर्ण उंचीभर १०० मिलीमीटरच्या आत रिंगा हव्यात.

उपाय महाग नाही, म्हणूनच इतक्या तपशिलात लिहिते आहे. भिंत आणि कॉलम यांच्यात उभी फट कापायची, तिच्यात दबणारा मऊ माल भरून वरून सीलंट लावायचं, म्हणजे पावसाचं पाणी आत जाणार नाही. भिंत सुटी झाली की ती वर्गात कोसळू नये म्हणून तिला स्टीलच्या अँगलने आतून-बाहेरून धरायचं. लिंटेलचा प्रश्न उरतो. तिथे कॉलमला जॅकेट, म्हणजे भोवती नव्या सळ्या-काँक्रीटचं आवरण, करावं लागेल. पण निम्मा धोका करवतीच्या पात्याने जातो.

बाईंनी निघताना विचारलं, "मग आमची शाळा धोकादायक का?" त्यांना सांगितलं: रोजच्या वापराला नाही. धक्का बसला तर मागची बाजू कमजोर आहे, आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे. मुलांना तोवर एक शिकवा. धक्का सुरू असताना बाकाखाली, थांबला की व्हरांड्याच्या बाजूने बाहेर. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

१४ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत शाळा रिकाम्या मिळाल्या, त्यामुळे काँक्रीटच्या हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचण्यांचं बरंच काम उरकलं. आता २० तारखेच्या विधानसभा मतदानापर्यंत सगळं ठप्प. वॉर्डातले अभियंते निवडणूक ड्युटीवर आणि शाळांत मतदान केंद्रं. जुने नकाशे शोधायला हा वेळ वापरतो आहोत. जवळपास निम्म्या इमारतींचे मिळतील असं दिसतं. उरलेल्यांचे कॉलम, बीम मोजून स्वतः काढायचे.

२६ नोव्हेंबर

अग्निशमन केंद्र. या इमारतीसाठी अख्खा दिवस ठेवला होता आणि तो पुरला नाही.

खाली गाड्यांसाठी रुंद, उंच दरवाजे. पुढून भिंत नाहीच. मागे स्टोअर आणि कंट्रोल रूम. वर तीन मजले जवानांची घरं, विटांच्या भिंतींनी खच्चून भरलेले. भुजनंतर ज्याच्यावर बोट ठेवलं गेलं तोच प्रकार: वरचे मजले ताठ पेटीसारखे एकत्र हलतात आणि सगळं सरकणं खालच्या मोकळ्या मजल्यावर येतं. भुजनंतर आलेल्या आयएस १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीत अशा मजल्याचे कॉलम-बीम अडीच पट बळासाठी करायला सांगितलं होतं. ही इमारत त्याच्या कितीतरी आधीची.

स्टेशन ऑफिसर साहेबांना इमारत पडेल का, यापेक्षा गाडी बाहेर पडेल का, याची चिंता जास्त. त्यांचा प्रश्न माझ्यापेक्षा नेमका होता. खालचा मजला पाच मीटर उंच आहे; कोडची सरकण्याची मर्यादा उंचीच्या ०.००४ पट, म्हणजे २० मिलीमीटर, आणि तीही कमी करून धरलेल्या बळाला. प्रत्यक्षात मोठ्या धक्क्यात मजला त्याच्या कितीतरी पट हलेल. इमारत उभी राहिली तरी चौकट तिरकी झाली की शटर अडकतं. आत बंब, बाहेर आगी. भूकंपानंतर गॅसच्या आणि विजेच्या आगी लागतात, लोक ढिगाऱ्याखाली असतात, आणि त्याच वेळी सुटकेची साधनं शटरमागे बंद.

साधा उपाय सुचतो तो असा की मागची भिंत काँक्रीटची करून टाका. तेवढंच केलं तर पुढची बाजू मोकळी आणि मागची ताठ, मग इमारत धक्क्यात पिळवटते आणि पुढच्या कोपऱ्यातल्या कॉलमवर जास्तच ताण येतो. पुढे दरवाजांच्या चौकटीलाच स्टीलची भक्कम फ्रेम द्यावी लागेल, दोन्ही बाजूंना छोट्या शिअर वॉल (आडवं बळ पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती), आणि कॉलमचं जॅकेट पायापासून वरच्या मजल्यात घुसेपर्यंत. कामाच्या काळात गाड्या कुठे उभ्या करायच्या, हा प्रश्न डिझाइनइतकाच अवघड. एकावेळी एकच दरवाजा बंद ठेवून टप्प्याटप्प्याने करता येईल का, ते तपासते.

तात्पुरतं आणि जवळजवळ फुकट होणारं एक काम आजच सुचवलं: एक बंब आणि सुटकेच्या साहित्याची एक पेटी कायम आवारात उघड्यावर ठेवायची. साहेब म्हणाले, ते उद्यापासून करतो.

३ डिसेंबर

जमिनीचा रकाना. मुंबई म्हणजे बेसॉल्टचा खडक, हा समज अर्धाच खरा. बेटांमधल्या खाड्या बुजवून शहर जोडलं गेलं, आणि त्या बुजवलेल्या पट्ट्यांत भरावाखाली खाडीची मऊ चिकणमाती आहे. शिवडी-वडाळ्याच्या बाजूला ती चांगली जाड. आपल्या वॉर्डात दोन्ही प्रकार, कधीकधी एकाच रस्त्याच्या दोन टोकांना.

कोडच्या आलेखात बुटक्या इमारतींना जमिनीचा फरकच पडत नाही. ०.३ सेकंदाच्या शाळेला खडकावरही २.५ आणि गाळावरही २.५. दहा मजली वसाहतीचा आवर्तकाल मात्र ०.७ सेकंदाच्या जवळपास. तिला खडकावर दीडच्या आसपास आणि मऊ जमिनीवर अडीचच्या आसपास. म्हणजे उंच इमारत आणि गाळाची जमीन ही जोडी वेगळी काढायची. लांबच्या मोठ्या भूकंपाच्या संथ लाटा हिलाच जास्त हलवतात. बुटक्या इमारतींसाठी जमिनीचे गुण भराव खचण्याच्या शक्यतेवरून द्यायचे, प्रवेगावरून नव्हे.

११ डिसेंबर

कोयनेचा धक्का पहाटे चार वाजून गेल्यावर बसला, किल्लारीचा चारला काही मिनिटं कमी असताना. भुजचा सकाळी ८:४६ ला, प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनाच्या वेळी. अंजारमध्ये प्रभात फेरीतली मुलं अरुंद गल्लीत दोन्हीकडच्या घरांखाली सापडली. पहाटे शाळा रिकामी आणि वसाहत भरलेली, सकाळी उलट. त्यामुळे "इमारतीत किती माणसं" एवढं विचारून चालणार नाही, किती माणसं किती तास, असं मोजायचं. दोन पाळ्यांची शाळा दिवसाचे दहा-अकरा तास भरलेली असते, तीही वर्षातले दोनशेच्या आसपास दिवस. प्रसूतिगृह आणि अग्निशमन केंद्र चोवीस तास. वसाहती रात्री.

वसाहतींवर या हिशेबाने गुण वाढतात, आणि वाढायलाच हवेत. २७ सप्टेंबर २०१३ ला डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत पडून ६१ माणसं गेली. पालिकेच्याच मालकीची इमारत, पालिकेचेच कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं. तिला धक्क्याची गरजही पडली नव्हती. आपल्या यादीतल्या वसाहतींच्या तळमजल्यावर कुठे गोडाऊन, कुठे कार्यालय, कुठे मधली भिंत काढून एकत्र केलेले गाळे आहेत. मूळ नकाशात असलेली प्रत्येक भिंत आज जागेवर आहे का, हे तपासायचं. भिंत गेली की तो तळमजला अर्धा मोकळाच झाला.

१९ डिसेंबर

दगडी इमारती. यादीत मोजक्याच. बाहेरून भक्कम, दोन-दोन फुटांच्या भिंती, आणि दाखवणारे मुकादम काका अभिमानाने म्हणाले, "मॅडम, ब्रिटिशांचं काम आहे, हत्ती आणून धडकवा." जाड भिंत उभ्या वजनाला उत्तम असते. पण ही भिंत म्हणजे दोन चेहऱ्यांच्या रांगा आणि मध्ये चुन्यात टाकलेली कपची. दोन्ही चेहऱ्यांना बांधणारे आरपार दगड किती अंतरावर आहेत, त्यावर सगळं अवलंबून. किल्लारीत मातीच्या मालातल्या अशाच दुपदरी भिंती फुगून आत-बाहेर पडल्या. इथे चुना आहे, फरक मोठा आहे, पण दोष त्याच कुळातला.

वरचे मजले लोखंडी जॉइस्टवर (तुळयांवर) लादीकोबा. जॉइस्ट भिंतीत नुसते टेकलेले, बांधलेले नाहीत. टोकं गंजलेली, कारण बाहेरून पाणी तिथेच मुरतं. धक्क्यात मजला आणि भिंत आपापल्या मार्गाने जातात. उपाय आयएस १३९३५ मध्ये दिलेलेच: मजल्याच्या पातळीला भिंतींना पट्टा, जॉइस्टला भिंतीशी अँकर, समोरासमोरच्या भिंतींना टाय रॉड, आरपार बांध. वारसा यादीतल्या इमारतीला दर्शनी भागावर काही करता येणार नाही. टाय रॉडच्या बिडाच्या प्लेट चालतील का ते विचारावं लागेल. गच्चीवरचे दगडी कठडे आणि शोभेचे कळस आधी बांधून घ्यायचे. इमारत जागेवर राहिली तरी ते फुटपाथवर येतील.

८ जानेवारी २०२५

प्रसूतिगृह. चार-पाच वर्षांपूर्वी मोठी दुरुस्ती झालेली, तळमजल्याच्या सगळ्या कॉलमना जॅकेट. फाइलवर "मजबुतीकरण पूर्ण" असा शेरा. आज फॉल्स सीलिंगच्या दोन फळ्या काढून वर बघितलं. जॅकेट बीमच्या खाली एक वितीवर थांबलेलं. नव्या सळ्या तिथेच संपतात.

उभ्या वजनाला याचा उपयोग आहे. गंजलेल्या कॉलमला आधार मिळाला, दुरुस्तीचा हेतू साध्य झाला. आडव्या धक्क्यात कॉलमची खरी परीक्षा मजल्याच्या सांध्याशी, आणि सांधा जुनाच राहिला. स्लॅबला भोकं पाडून सळ्या वर नेल्या असत्या तर त्याच परांचीवर, थोड्या जास्त पैशांत हे झालं असतं. निविदेत तसं लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे कंत्राटदाराला दोष देता येत नाही.

बाकी चाचण्या: पोटमाळ्याच्या बीमवर अल्ट्रासॉनिकचा वेग ३ किलोमीटर प्रति सेकंदाच्या खाली, म्हणजे काँक्रीट शंकास्पद. कोअरवर, म्हणजे कापून काढलेल्या काँक्रीटच्या नमुन्यावर, फिनॉल्फथॅलीन फवारलं, सळईपर्यंत गुलाबी रंग आलाच नाही. तिथलं काँक्रीट सळईला गंजापासून वाचवण्याची ताकद घालवून बसलंय. सळ्या पीळदार टॉरच्या. समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्यापुढे त्या काळचं पाऊण इंच कव्हर किती टिकणार!

सिस्टरांबरोबर आतली फेरी मारली. ऑक्सिजनचे सिलिंडर साखळीविना, औषधांची उंच कपाटं भिंतीला न जोडलेली, इन्क्युबेटरच्या चाकांना ब्रेक आहेत पण लावलेले नाहीत. हे सगळं ब्रॅकेट, साखळ्या आणि एका सुताराच्या दोन-तीन दिवसांच्या कामात होण्यासारखं. सिस्टर म्हणाल्या, "इमारतीचं तुम्ही बघा, साखळ्या मी आजच मागवते." गच्चीवरची पाण्याची टाकी मात्र आपल्या यादीत: वीस हजार लिटर, म्हणजे वीस टन, चार बारीक खांबांवर.

१७ जानेवारी

गुणांचं वजन ठरवायची बैठक. तीन घटक: इमारतीचा कमकुवतपणा, माणसं आणि तास, धक्क्यानंतरचं काम. प्रत्येक खात्याला आपली इमारत वर हवी, यात गैर काही नाही, त्यांच्यावर जबाबदारी आहे. शिक्षण विभागाचा मुद्दा वजनदार होता: मुलं तिथे स्वतःच्या मर्जीने येत नाहीत, आपण त्यांना बोलावतो.

कामाच्या रकान्याला कमी वजन द्यावं असा सूर होता, कारण तो मोजता येत नाही. मी अडून बसले. भुजमध्ये जिल्हा रुग्णालयच कोसळलं, आत रुग्ण आणि कर्मचारी गेले, आणि वाचलेल्या हजारोंना न्यायला जागा उरली नाही. पुढे तिथलं नवं रुग्णालय रबर-शिशाच्या बेअरिंगवर, जमिनीपासून अलग करून बांधलं. एक इमारत पडली की तिच्यातली माणसं जातात. रुग्णालय किंवा अग्निशमन केंद्र पडलं की इतर इमारतींतली वाचू शकली असती ती माणसंही जातात. शेवटी तिन्हींना समान वजन, असं ठरलं.

आणखी एक गोष्ट मान्य झाली, तिचं समाधान वाटलं: अहवालात १ ते ६५ अशी उतरंड नसेल. अर्ध्या तासाच्या पाहणीवरून सतराव्या आणि अठराव्या इमारतीत फरक सांगणं खोटं ठरेल. तीन गट करायचे, आणि पहिल्या गटाचंच सविस्तर विश्लेषण आयएस १५९८८ या जुन्या काँक्रीट इमारतींच्या भूकंप-तपासणीच्या मानकाप्रमाणे करायचं.

३० जानेवारी

वजनं उलटसुलट करून गट पुन्हा पुन्हा काढले. कधी माणसांना दुप्पट, कधी कामाला निम्मं. अग्निशमन केंद्र, प्रसूतिगृह, मोकळ्या तळमजल्याची एक शाळा आणि खिडक्यांच्या रांगेची शाळा, या चार इमारती काहीही केलं तरी पहिल्या गटातून हलत नाहीत. भरावावरची उंच वसाहत सीमेवर येते-जाते.

या पाचांतली सी-१ मध्ये एकही नाही. दोन तर सी-३.

सी-१ इमारतींचं काय, हे स्पष्ट लिहायला हवं, नाहीतर लोक उलटा अर्थ काढतील. त्यांना भूकंपाच्या यादीत घ्यायचंच नाही. त्या रिकाम्या करायच्या आहेत, आणि तो निर्णय भूकंपाच्या निधीची वाट बघत थांबू नये.

१४ फेब्रुवारी

दुरुस्तीचं पुढच्या तीन वर्षांचं नियोजन मिळालं आणि ते आपल्या गटांशेजारी ठेवलं. पहिल्या-दुसऱ्या गटातल्या बऱ्याच इमारतींची दुरुस्ती तशीही निघणार आहे. परांची, सेंट्रिंग, गिलावा काढणं, माणसं हलवणं, खर्चाचा मोठा वाटा यातच जातो. त्याच निविदेत चार कलमं वाढवली तर मजबुतीकरण होतं: जॅकेटच्या सळ्या स्लॅबमधून पार न्यायच्या, रिंगांचे आकडे १३५ अंशांत, कॉलम-भिंत फट, टाक्यांना तिरके आधार. कलमांचा मसुदा करून दिला. प्रसूतिगृहात जे झालं नाही ते निदान पुढच्या इमारतीत व्हावं.

बारावीची परीक्षा सुरू, दहावीची तोंडावर, त्यामुळे शाळांत कोअर कापणं बंद.

२९ मार्च

काल म्यानमारमध्ये ७.७ चा भूकंप. हजारएक किलोमीटरवर बँकॉकमध्ये बांधकाम सुरू असलेली तीस मजल्यांची सरकारी इमारत कोसळली. बँकॉक मऊ चिकणमातीच्या जाड थरावर वसलेलं आहे. सकाळपासून वॉर्डातून फोन. गेल्या सहा महिन्यांत "मुंबईत कुठे होतो भूकंप" असं विचारणाऱ्यांपैकीच काही जण आज विचारत होते, आपली वसाहत कोणत्या गटात?

त्या इमारतीत आणखी काय चुकलं असेल ते चौकशीत कळेल, आपण त्याचा आधार घ्यायचा नाही. पण लांबचा भूकंप, मऊ जमीन, उंच इमारत, हे डिसेंबरमध्ये लिहिलेलंच होतं. सीमेवरची वसाहत पहिल्या गटात घेण्याची शिफारस करते आहे, आणि तिथे दोन बोअर घेऊन जमिनीचा खरा थर बघायचा. फाइल सोमवारी वर जाईल. आठवडाभर फोन येत राहतील, मग थांबतील, तोवर मंजुरी घ्यायला हवी.

८ एप्रिल

अहवाल दिला. तत्त्वतः मंजूर झालेलं: अग्निशमन केंद्राचं सविस्तर डिझाइन, एकावेळी एक दरवाजा बंद ठेवून, प्रसूतिगृहाच्या गच्चीवरच्या टाकीचे आधार पावसाआधी, वसाहतीला दोन बोअर, दुरुस्तीच्या निविदांत नवी चार कलमं.

खिडक्यांच्या रांगेच्या शाळेत फट कापण्याचं काम मे महिन्याच्या सुट्टीत. करवतीने कापताना धूळ फार होते, म्हणून वर्गातले फळे, कपाटं आणि मुलांची चित्रं आधी झाकायची. मुख्याध्यापिका बाईंना कळवलं. त्यांनी विचारलं की उर्दू माध्यमाच्या बाईंना नोटीस वेगळी जाणार की त्यांनीच सांगायचं. वेगळी पाठवते.